पीएस३ ची हार्डडिस्क गेली? स्क्रू खोलायच्या आधी आणि नंतर काय काय करायचं

गेल्या पावसाळ्यात बेळगावातल्या शहापूरच्या आमच्या घरात एका संध्याकाळी तीनदा लाईट गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा पीएस३ (सोनीचं प्लेस्टेशन ३, गेमचं मशीन) चालू झालं खरं, पण पुढं सरकेना. फाईल सिस्टीम खराब झालीय, दुरुस्त करतो असा मेसेज, पट्टी अर्ध्यापर्यंत जायची, आतनं बारीक कट्-कट्-कट् आवाज यायचा आणि परत सगळं पहिल्यापासनं. भाच्याचं तोंड एवढंसं झालं, फुटबॉलच्या गेममधला त्याचा चौथा सीझन त्यात अडकलेला. "मामा, आता टाकून देणार काय हे?" दुसऱ्या दिवशी एका दुकानात नेलं, तिथल्या अण्णानं कान लावून ऐकलं, "हार्डडिस्क होगेत्री" (कन्नडमध्ये, गेलीय) म्हणाला आणि डिस्क, मजुरी, सॉफ्टवेअर मिळून जो आकडा सांगितला तेवढ्यात दुसरं सेकंडहँड पीएस३ आलं असतं की. म्हणून मशीन परत पिशवीत घातलं आणि घरी आणलं.

डिस्क बदलायला मला वीस मिनिटं लागली. त्याच्या आधीचं आणि नंतरचं उरकायला मात्र दोन रविवार गेले, त्यामुळं हे सगळं सविस्तर लिहायलोय. स्क्रू खोलणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे बघा.

पीएस३ ला रेट्रो म्हटलं की काही जणांना राग येतो, पण २००६ साली बाहेर आलेलं मशीन आहे, ते आणलं तेव्हा भाचा जन्मला पण नव्हता. या मशीनची एक गोष्ट लई चांगली, सोनीनं हार्डडिस्क ग्राहकाला स्वतः बदलता यावी अशीच ठेवलीय, आत साधी लॅपटॉपची अडीच इंची साटा (जोडणीचा प्रकार) डिस्क असते, बाकीचं मशीन उघडावं लागत नाही. २००१ च्या पहिल्या एक्सबॉक्सचं उलटं आहे, त्याची डिस्क मदरबोर्डशी पासवर्डनं बांधलेली, बाजारातनं कोरी डिस्क आणून नुसती जोडली तर चालतच नाही. तुमच्याकडं ते असलं तर हा लेख उपयोगाचा नाही.

आधी बघा, दोष खरंच डिस्कचा आहे का

पिवळा दिवा लागून मशीन बंद पडत असेल तर डिस्कचा संबंध नाही, ते बोर्डाचं दुखणं, नवीन डिस्क टाकून काहीही फरक पडणार नाही. गेमची डिस्क आत घेत नाही किंवा वाचत नाही, तर ते ब्लू-रे ड्राईव्हचं काम. हार्डडिस्क जायला लागली की लक्षणं वेगळी असतात: मेन्यूमध्ये फिरताना मध्येच दोन-चार सेकंद गोठतं, गेम इन्स्टॉल होताना एकाच टक्क्यावर अडकून बसतं, दर वेळी चालू करताना फाईल सिस्टीम दुरुस्त करायला मागतं, सेव्ह करताना लटकतं, आणि शेवटी तो कट्-कट् आवाज. योग्य हार्डडिस्क सापडली नाही असा मेसेज आला तर एक तर डिस्क पूर्ण गेलीय नाहीतर कनेक्टर सुटलाय.

म्हणून पहिला उपाय फुकटचा. मशीन बंद करा, वायर भिंतीतनं काढा, डिस्क बाहेर काढून परत नीट आत सरकवा (कशी ते पुढं येतंय). आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवेत जी ओल असते, खानापूरकडं तर विचारूच नका, त्यात जुन्या कनेक्टरवर थर धरतो, आणि नुसतं काढून घातल्यावर मशीन सुरू झालेलं मी दोनदा बघितलंय.

दुसरा उपाय रिकव्हरी मेन्यू. मशीन बंद, लाल दिवा चालू. पॉवरचं बटण दाबून धरा, मशीन चालू होऊन परत बंद होईल, तोवर बोट काढायचं नाही. मग सोडा आणि परत दाबून धरा. एक बीप येईल, थोड्या वेळानं दुसरी, आणि मग लागोपाठ दोन बीप, तेव्हा सोडायचं. कंट्रोलर यूएसबी वायरनं जोडा आणि पीएस बटण दाबा. ही वायर मिनी यूएसबीची लागते, मोबाईलच्या चार्जरची मायक्रो किंवा टाईप-सी बसत नाही, आणि घरात ती नेमकी सापडत नाही, तर आधीच शोधून ठेवा. मेन्यूत सहा पर्याय दिसतील, त्यातला तिसरा, रिस्टोर फाईल सिस्टीम, आधी चालवा. चौथा रिबिल्ड डेटाबेस, तो नंतर, त्यात प्लेलिस्ट आणि मेसेज अशा बारीकसारीक गोष्टी जातात पण गेमचे सेव्ह, म्हणजे खेळ कुठवर आला त्याच्या फाईल, सहसा राहतात. पाचव्या पर्यायाला अजिबात हात लावू नका, तो सगळं पुसतो.

तिसऱ्या पर्यायानं मशीन एकदा जरी उभं राहिलं तरी लगेच गेम लावून बसायचं नाही. आजारी डिस्कनं डोळे उघडलेत तेवढ्यात सेव्ह बाहेर काढा.

सेव्ह बाहेर काढणं, इथं घाई करा

पीएस३ आपल्या डिस्कवरचं सगळं त्या-त्या मशीनच्या स्वतःच्या किल्लीनं एन्क्रिप्ट करून ठेवतं. म्हणजे डिस्क काढून कॉम्प्युटरला लावली आणि सेव्हच्या फाईल कॉपी केल्या असं होत नाही, विंडोजला ती डिस्क कोरीच वाटते आणि फॉरमॅट करू काय म्हणून विचारते. तिथं चुकून हो म्हणालात तर संपलं. दुसऱ्या पीएस३ मध्ये घातली तर ते पण फॉरमॅटच करायला मागतं. त्यामुळं जे काढायचं ते त्याच मशीनमधनं, ते जिवंत असेपर्यंत.

वेळ कमी असेल, म्हणजे मशीन दहा-पंधरा मिनिटांनी लटकत असेल, तर गेमच्या मेन्यूत सेव्ह डेटा युटिलिटी उघडा, एकेक सेव्ह निवडा, त्रिकोण दाबा आणि पेन ड्राईव्हवर कॉपी करा. सेव्ह लहान असतात, पटापट होतात. काही गेमचे सेव्ह कॉपी करायला कुलूप लावलेले असतात, ते असे येत नाहीत. ते फक्त सेटिंग्जमधल्या बॅकअप युटिलिटीतनं येतात, पण ती युटिलिटी हे घ्या ते सोडा असं ऐकत नाही, डिस्कवर असेल ते सगळं गोळा करते, दोनशे जीबी गेम असतील तर रात्र जाते आणि अर्ध्यात डिस्क मेली तर हातात काही नाही. माझं मत, आधी एकेक सेव्ह, मग मोठे गेम डिलीट करून जागा कमी करा (गेमच्या ब्लू-रे डिस्कवरनं टाकलेले परत इन्स्टॉल होतातच), आणि मग बॅकअप. कुलूपवाले सेव्ह बॅकअपमधनं परत त्याच मशीनवर येतात, दुसऱ्यावर नाही.

ट्रॉफीचं, म्हणजे गेममध्ये मिळालेल्या बक्षिसांचं, प्रेम असेल तर ट्रॉफी कलेक्शनमध्ये त्रिकोण दाबून सर्व्हरशी सिंक करून टाका. भाच्याला ट्रॉफींचं काही नव्हतं, मला होतं.

आमचं मशीन तिसऱ्या पर्यायानंतर जेमतेम पंचवीस मिनिटं चाललं. तेवढ्यात बारा सेव्ह निघाले. चौथा सीझन निघाला.

आणि समजा काहीच उभं राहात नाही? मग शेवटचा रस्ता म्हणजे लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाचं सॉफ्टवेअर वापरून जुन्या डिस्कची सेक्टर-टू-सेक्टर नक्कल नव्या डिस्कवर करणं आणि ती नक्कल त्याच मशीनमध्ये घालून तिसरा-चौथा पर्याय चालवणं. एन्क्रिप्शन तसंच राहतं म्हणून मशीनला ती आपलीच डिस्क वाटते. तोटा एवढाच की नवी डिस्क मोठी असली तरी जुन्याएवढीच जागा दिसते. ज्याला लिनक्सची सवय नाही त्यानं हे स्वतः पहिल्यांदाच आपल्या खऱ्या डिस्कवर करून बघू नये, उलट-सुलट नाव टाकलं तर कोरी डिस्क जुन्यावर उतरते.

कुठली डिस्क घ्यायची

अडीच इंची, साटा, जाडी ९.५ मिलिमीटर किंवा ७ मिलिमीटर. याच्यापेक्षा जाड डिस्क असतात, १२.५ च्या आणि १५ च्या, त्या खाचेत बसत नाहीत. फिरण्याचा वेग ५४०० पुरे, मशीनची साटा पहिल्या पिढीची, सेकंदाला १५० एमबीची, ७२०० ची डिस्क घेऊन जास्त गरम करण्यात अर्थ नाही. साईज १ टीबीपर्यंत बिनधास्त घ्या, त्याच्या वर जायच्या भानगडीत मी पडलो नाही आणि तुम्ही पण पडू नका, गेम साठवायला ५०० जीबी पण पुष्कळ झाले.

एसएसडी चालते का? चालते. साधी अडीच इंची साटा एसएसडी, एम-टू वाली पट्टी नव्हे. आवाज बंद, उष्णता कमी, मेन्यू जरा चटपटीत होतो. पण गेम लोड व्हायला जो फरक पडेल असं वाटतं तेवढा पडत नाही, कारण बॉटलनेक मशीनमध्येच आहे. नवीनच घ्यायची असेल तर आज मी २५० किंवा ५०० ची एसएसडीच घेईन, एका कारणासाठी, लाईट. फिरणाऱ्या डिस्कला मध्येच करंट तुटला की तिला उरलेल्या फिरण्याच्या जोरावर हेड घाईनं पार्क करावं लागतं, दर वेळी थोडी झीज, आणि आपल्याकडं पावसाळ्यात ही कसरत तिला आठवड्यातनं चार वेळा करायला लागते.

स्वस्तात करायचं असेल तर एक युक्ती. गेली काही वर्षं सगळे लोक जुन्या लॅपटॉपमध्ये एसएसडी बसवून घ्यायलेत, आणि काढलेल्या अडीच इंची डिस्क दुकानदारांच्या ड्रॉवरमध्ये पडून असतात. टिळकवाडीत, खडेबाजारच्या आसपास, निपाणीला, कुठल्याही लॅपटॉप रिपेअरवाल्याला विचारा, ५०० जीबीच्या दोन-तीन तरी काढून दाखवेल. पण तशीच उचलून आणू नका. दुकानातच कॉम्प्युटरला लावायला सांगा आणि क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर उघडा. त्यात ०५ आणि सी५ या दोन ओळी बघायच्या, पहिली म्हणजे खराब होऊन बदललेले सेक्टर, दुसरी म्हणजे खराब व्हायच्या वाटेवर असलेले. दोन्हींचा रॉ आकडा शून्य असला तर घ्या, नाहीतर "बेडा री" (नको हो) म्हणायचं आणि दुसरी मागायची. मी तिसरी डिस्क पसंत केली. दुकानदार वैतागला, पण चहा पण त्यानंच पाजला.

पोर्टेबल हार्डडिस्क फोडून आतली डिस्क काढायचा विचार कुणाच्या डोक्यात येईल, तर काही पोर्टेबलमध्ये यूएसबीचा सॉकेट डिस्कच्या बोर्डावरच सोल्डर केलेला असतो, साटा नसतोच. फोडल्यावर कळून उपयोग नाही.

पेन ड्राईव्ह आधी तयार करा

पहिली जाडी मॉडेलं, म्हणजे मॉडेल नंबरात सीईसीएचए पासनं सीईसीएचजी पर्यंत, यांच्या बोर्डावर २५६ एमबीची फ्लॅश (मेमरीची चिप) आहे आणि सिस्टीम बरीचशी त्यातच राहते. सीईसीएचएच पासनं पुढं, स्लिम (नंतरची बारीक मॉडेलं) धरून, फ्लॅश फक्त १६ एमबीची, बाकीची सिस्टीम हार्डडिस्कवर. म्हणजे यांच्यात कोरी डिस्क घातली की मशीनला स्वतःचीच सिस्टीम सापडत नाही आणि ते पेन ड्राईव्ह मागतं. दुकानवाले "सॉफ्टवेअर मारायचे" म्हणून वेगळे पैसे लावतात ते हेच काम.

पेन ड्राईव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा. विंडोजमध्ये राईट क्लिक करून ३२ जीबीपर्यंतच्याच ड्राईव्हला तो पर्याय मिळतो, त्यामुळं ८ किंवा १६ चा जुना शोधा. त्यात पीएस३ नावाचा फोल्डर, त्याच्या आत अपडेट नावाचा, दोन्ही नावं इंग्रजीत आणि सगळी अक्षरं कॅपिटल. प्लेस्टेशनच्या साईटवरनं पीएस३ ची सिस्टीम सॉफ्टवेअर फाईल घ्या, साधारण २०० एमबीची असते, आणि आतल्या फोल्डरात टाका. फाईलचं नाव बदलायचं नाही. दोनदा डाऊनलोड केली तर कॉम्प्युटर नावाच्या शेवटी कंसात एक लावतो, मग मशीनला फाईल दिसत नाही आणि आपण अर्धा तास पेन ड्राईव्हला शिव्या घालतो. मी घातल्या.

इथं एक थांबा. आपल्या भागात फिरणारी सेकंडहँड मशीनं, गोव्याकडनं पुण्याकडनं आलेली, बरीचशी जेलब्रेक केलेली, म्हणजे कंपनीचं सॉफ्टवेअरचं कुलूप तोडलेली असतात. तुमचं तसं असेल तर कंपनीची फाईल टाकायच्या आधी विचार करा. कस्टम फर्मवेअरवाल्या (कंपनीच्या सिस्टीमऐवजी बदललेली सिस्टीम टाकलेल्या) मशीनला त्याच किंवा पुढच्या व्हर्जनची कस्टम फाईलच लागते, कंपनीची टाकली तर ते सगळं जातं. हेन (कंपनीच्या सिस्टीमवरच चालणारा जेलब्रेक) असेल तर ते हार्डडिस्कवरच राहतं, म्हणजे डिस्कबरोबर गेलं, परत बसवायला लागेल. मशीन ज्याच्याकडनं घेतलं त्याला एक फोन करून विचारा.

आता स्क्रू

मशीन बंद, मागची वायर काढलेली, टेबलावर जुना टॉवेल. हात कुठल्यातरी लोखंडाला लावून घ्या, खिडकीचा गज चालतो, अंगातली स्टॅटिक जाते. स्क्रूड्रायव्हर चांगला फिलिप्स पीएच-१ घ्या. हे महत्त्वाचं आहे, कारण डिस्कच्या डब्याचे चार स्क्रू कारखान्यात घट्ट बसवलेले आणि मऊ धातूचे असतात, दहा रुपयांच्या स्क्रूड्रायव्हरनं डोकं गोल झालं की मग ड्रिलच. टोक सरळ उभं ठेवून आधी जोरानं खाली दाबायचं, मग फिरवायचं.

जाडं मॉडेल असेल तर आडवं ठेवल्यावर डाव्या बाजूला डिस्कचं झाकण आहे, नखानं किंवा प्लास्टिकच्या पट्टीनं उचला. आत निळा स्क्रू दिसेल, तो एकच काढायचा. मग वायरीची कडी उभी करून डबा आधी बाजूला सरकवा म्हणजे कनेक्टर सुटतो, आणि मग बाहेर ओढा. सरळ ओढायला गेलात तर येणार नाही, तिथं ताकद लावू नका.

स्लिम असेल तर मशीन पालथं घाला. खाली एक छोटं टोपण आहे, ते काढलं की निळा स्क्रू. तो काढून पुढचं झाकण सरकवून काढायचं, आणि डब्याला जी ओढायची पट्टी आहे ती धरून डबा सरळ बाहेर. सुपर स्लिमला बाजूचं झाकण सरकतं, आत तसाच निळा स्क्रू. पण सुपर स्लिम १२ जीबीवालं असेल तर त्यात हार्डडिस्क नसतेच, फ्लॅश असते, आणि डिस्क बसवायचा ब्रॅकेट वेगळा घ्यावा लागतो.

डब्यातली जुनी डिस्क चार स्क्रू काढून वेगळी करा, नवी त्याच दिशेनं ठेवा, म्हणजे कनेक्टर ज्या बाजूला होता त्याच बाजूला. स्क्रू लावताना शेवटी नुसतं टेकवा, पिळू नका. सगळं उघडलंच आहे तर खाचेतली धूळ रंगाच्या मऊ ब्रशनं झाडून घ्या, व्हॅक्यूम क्लीनर नको. डबा आत सरकवताना शेवटी हलकं टक् होतं, कनेक्टर बसल्याचं, ते झाल्याशिवाय निळा स्क्रू लावू नका.

पहिल्यांदा चालू करताना

पेन ड्राईव्ह लावा, कंट्रोलर वायरनं लावा, आणि चालू करा. जुन्या जाड्या मॉडेलात बहुतेक थेट फॉरमॅट करू का असं विचारेल, हो म्हणा. बाकीच्यांत अमुक व्हर्जनचा अपडेट असलेलं स्टोरेज जोडा आणि स्टार्ट व सिलेक्ट एकत्र दाबा असा मेसेज येईल. दोन्ही बटणं चार-पाच सेकंद धरा. फॉरमॅटला काही मिनिटं, इन्स्टॉलला काही मिनिटं, मध्ये स्क्रीन काळी होऊन परत चालू होतं, घाबरू नका.

फाईल सापडत नाही म्हणालं तर फोल्डरची नावं बघा, मग यूएसबीचं दुसरं भोक, मग दुसरा पेन ड्राईव्ह. इन्स्टॉल अर्ध्यात फेल होत असेल तर फाईल परत डाऊनलोड करा. तरी त्याच जागी अडकत असेल तर डिस्कवर संशय घ्या, वापरलेली आणली असेल तर जास्तच. ही सगळी वेळ लाईट टिकली पाहिजे, म्हणून हे काम ढग नसलेल्या सकाळी करा किंवा मशीन यूपीएसवर लावा. पहिली जाडी मॉडेलं खेळताना दोनशे वॅटच्या आसपास खातात, स्लिम बरंच कमी, कॉम्प्युटरचा साधा यूपीएस पुरतो.

चालू झालं की ५०० च्या डिस्कवर ४६५ च्या आसपासच जागा दिसेल, त्यातली पण थोडी मशीन स्वतःला ठेवतं. दुकानदाराशी भांडू नका, हिशोबाची पद्धत वेगळी आहे एवढंच.

आता क्रम लक्षात ठेवा. पूर्ण बॅकअप घेतलेला असेल तर तो सगळ्यात आधी रिस्टोर करा, कारण रिस्टोर करताना डिस्कवरचं आधीचं सगळं पुसलं जातं. दोन दिवस नवीन खेळून मग बॅकअप आठवला तर ते दोन दिवस गेले. सुटे सेव्ह असतील तर आधी युजर तयार करा, मग पेन ड्राईव्हवरनं कॉपी. पीएसएनला (प्लेस्टेशनची ऑनलाईन सेवा) लॉगिन करताना पासवर्ड बरोबर असून घेत नसेल आणि तुमच्या अकाउंटला टू-स्टेप (पासवर्डनंतर कोड मागणारी दुहेरी तपासणी) चालू असेल, तर नेहमीचा पासवर्ड पीएस३ वर चालत नाही, अकाउंटच्या साईटवर जाऊन डिव्हाईस सेटअप पासवर्ड काढायचा आणि तो टाकायचा. मी इथं तासभर अडकलो होतो. विकत घेतलेले गेम डाऊनलोड लिस्टमध्ये असतात, पीएस३ चं स्टोअर २०२१ मध्ये बंद करणार म्हणून सोनीनं सांगितलं होतं, मग महिन्याभरातच तो निर्णय मागं घेतला, त्यामुळं ते अजून उतरवता येतात. पण हे कायम राहील असं धरू नका, जे आवडतं ते आत्ताच उतरवून ठेवा.

जुनी डिस्क आठवडाभर तरी टाकू नका. एखादा सेव्ह राहिलाय हे चौथ्या दिवशी आठवतं. मी तिच्यावर मार्करनं मशीनचा नंबर आणि "पीएस३, फॉरमॅट करू नये" असं लिहून ती कुंद्याच्या रिकाम्या डब्यात ठेवलीय, कारण आई कुठलीही डिस्क दिसली की भंगारवाल्याला द्यायच्या पिशवीत घालते.